वहिनी, तो रिपोर्ट नॉर्मल नव्हता

वहिनी,

तुझ्या जलदानविधीला मी मध्येच उठून मागच्या पडवीत गेले. तू असतीस तर नंतर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं असतंस. बाकी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. वंदना झाली, पंचशील झालं, आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलू लागला. अंगणवाडीतली मदतनीस बोलली, सरपंचबाई बोलल्या. शेवटी आपल्या वाडीतले ते निवृत्त गुरुजी उठले. तुझ्या कामाबद्दल फार चांगलं बोलले आणि बसता बसता म्हणाले, "रिपोर्टसुद्धा नॉर्मल आला होता बिचारीचा. वेळच आली होती, त्याला कोण काय करणार." सगळ्यांनी माना हलवल्या. दादानेही हलवली.

मला तिथेच उठून सांगायचं होतं, की रिपोर्ट नॉर्मल नव्हता. रिपोर्ट चार पानांचा होता, त्यातली एक ओळ नॉर्मल होती, आणि आपण सगळ्यांनी तेवढीच वाचली. सगळ्यात आधी ती मी वाचली. पण जलदानाला असलं कुणी बोलत नाही. म्हणून मी पडवीत पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभी राहिले, आत लोक तुझं कौतुक करत राहिले, आणि मला तुझा, माझा, गुरुजींचा, सगळ्यांचाच राग येत राहिला.

तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते आहे. निदान आता तरी ऐकून घे. जिवंत असताना तू मला हे कधी पुरतं बोलू दिलं नाहीस.

तू दादाशी लग्न करून आमच्या घरात आलीस तेव्हा मी दुसरीत होते. आई दिवसभर शेतावर, त्यामुळे माझ्या वेण्या तू घातल्यास, माझे पाढे तू घेतलेस, आणि मी खोटं बोलले की माझा कान पिळण्याचा हक्कही तूच घेतलास. पुढे मी बारावी झाले तेव्हा दादाचं म्हणणं होतं की आता स्थळ बघू. तो रोह्याच्या कारखान्यात बॉयलरवर होता, पाळ्या करून दमलेला असायचा, आणि त्याला घरातला एक प्रश्न मिटवायचा होता. तू त्याच्याशी तीन दिवस बोलली नाहीस. जेवण वाढायचीस, डबा भरायचीस, पण तोंडातून अवाक्षर नाही. चौथ्या दिवशी तो पनवेलला गेला आणि लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म घेऊन आला. फॉर्म माझ्या हातात न देता त्याने तुझ्या हातात दिला.

कोर्सच्या पहिल्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा माझा हात रक्त काढताना थरथरायचा. मॅडम रोज ओरडायच्या. हे मी तुला सांगितलं मात्र, तू चुलीपुढून उठलीस, हात धुतलास आणि बाही वर सरकवून पाटावर बसलीस. मी नको म्हणत होते. तू म्हणालीस, "काढ गो. मी काय मरत न्हाय." दोनदा शीर चुकली. दंडावर हे एवढं काळंनिळं झालं. तिसऱ्यांदा जमलं. नंतर आठवडाभर तू त्या दंडावर पदर ओढून अंगणवाडीत जात होतीस, आणि कुणी विचारलं की सांगायचीस, नणंद डॉक्टरीण होतेय माझी. मी डॉक्टरीण होत नव्हते, हे तुला कितीदा समजावलं. तुला फरक पडत नव्हता.

बोर्ली पंचतनला लग्न होऊन आले आणि बाजारातल्या लॅबमध्ये लागले, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. रक्त घ्यायचं, साध्या तपासण्या तिथेच करायच्या, मोठ्या तपासण्यांच्या नळ्या बर्फाच्या पेटीत घालून दुपारच्या गाडीने पनवेलला पाठवायच्या. तुझं माहेर दिवेआगरचं. माहेराहून परत जाताना तू बोर्लीला उतरायचीस, लॅबच्या बाकावर बसायचीस आणि माझ्या पेशंटांशी गप्पा मारायचीस. एकदा समोर बसलेल्या गरोदर पोरीला तू ओळख ना पाळख "वर बघ" म्हणालीस, बोटाने तिची खालची पापणी ओढलीस आणि मला आतमध्ये हाक मारून सांगितलंस की हिचं रक्त आधी बघ, पांढरीफटक आहे. पोरीची सासू चिडली. तू तिलाही सुनावलंस. तीस वर्षं अंगणवाडीत काढलेली बाई तू. वाडीतल्या निम्म्या पोरांची वजनं तुझ्या हातून झाली, त्यांच्या आयांच्या गोळ्या तू मोजून दिल्यास, आणि घेतल्या की नाही हे त्यांच्या घरी जाऊन बघितलंस.

तुझी पापणी कुणी ओढून बघितली? मीसुद्धा नाही.

शिमगा होऊन गेला होता. तू सकाळी पहिल्या गाडीने म्हसळ्यावरून बोर्लीला आलीस, उपाशीपोटी. नेहमीसारखी माहेरहून नाही, सरळ घरून, तळ्याहून. मला वाटलं साखर तपासायला आलीस. तू बाकावर बसली नाहीस, आत माझ्या टेबलाशी आलीस आणि हळू आवाजात सांगितलंस की दोन-तीन महिने पोट साफ होत नाही, कधी एकदम जुलाब, कधी चार दिवस काही नाही, आणि चढ चढताना धाप लागते. मग म्हणालीस, "रंजे, आता रक्तातच कळतं ना गो सगळं? बाबांचं ते?"

तुझे वडील पोटातल्या गाठीने गेले. तुझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या आजाराचं नाव तू कधी घेतलं नाहीस. 'बाबांचं ते' एवढंच म्हणायचीस. आमच्या लॅबच्या दारावर त्या वेळी नवा फलक लागला होता. रक्ताच्या एका तपासणीत कॅन्सरची चाहूल, असं काहीतरी त्यावर होतं, आणि खाली हसणारं कुटुंब. तसलीच जाहिरात तुझ्या मोबाईलवरही कुणीतरी पाठवली होती. तू मला ती दाखवलीस.

मला काय माहीत होतं ते तुला सांगते. पोटाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरसाठी ज्या मार्कर तपासण्या करतात, त्या आजार सापडल्यावर तो वाढतोय की हटतोय हे बघायला असतात, एवढं मला कोर्समध्ये शिकवलेलं होतं. आजार लहान असताना त्या पुष्कळदा गप्पच राहतात, हेही कुठेतरी वाचलेलं होतं. मी तुला म्हटलं, तपासणी आहे, पण. आणि त्या 'पण'च्या पुढे मी बोलले नाही. बाहेर सहा पेशंट होते. तू घाबरलेली होतीस. मला तुझी भीती लवकर घालवायची होती, आणि लॅबमध्ये बसून माझ्याकडे त्यासाठी एकच गोष्ट होती. मी तुझ्या दंडाला रबर बांधलं.

या वेळी शीर पहिल्याच टोचणीत मिळाली.

तिसऱ्या दिवशी पनवेलहून रिपोर्ट आला, मोबाईलवर, चार पानांची फाईल. मी सरळ शेवटचं पान उघडलं. मार्करची ओळ तिथे होती, आकडा मर्यादेच्या बराच खाली. मी उभ्याउभ्या तुला फोन लावला आणि म्हणाले, "वहिनी, नॉर्मल आहे." पलीकडे तू रडत असल्याचं कळलं. तुला रडताना मी त्याआधी फार तर दोनदा ऐकलं असेल. फोन ठेवल्यावर मी बाकीची पानं बघितली. पहिल्या पानावर सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन आठच्या आसपास होतं, जाड अक्षरात छापलेलं. जे बिघडलेलं असतं ते मशीन जाड अक्षरात छापतं. तांबड्या पेशी लहान, फिक्या. रक्तातलं लोह आटलेलं होतं.

मी परत फोन केला. पण तोवर तू आनंदात होतीस आणि माझाही आवाज तसाच होता. मी म्हटलं, रक्त मात्र कमी आहे हं, गोळ्या सुरू कर. तू हसलीस. म्हणालीस, बायकांचं रक्त कधी भरलेलं असतं? मीही हसले.

वहिनी, तुझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. तू चांगलं खाणारी बाई, मासळी रोज ताटात. तुझं रक्त जाणार कुठे? हा प्रश्न मी एखाद्या परक्या पुरुषाच्या रिपोर्टवर नक्की विचारला असता. पन्नाशीतला कुणी बाप्या आठ हिमोग्लोबिन घेऊन आला की आमच्या लॅबचे सर स्वतः बाहेर येतात आणि म्हणतात, कुठून रक्त जातंय ते शोधा. बाई आली की आपण गोळ्या देतो. एकोणीस वर्षं मी हे बघते आहे आणि मला ते कधी विचित्र वाटलं नाही.

गोळ्या तू घेतल्यास. अंगणवाडीत लोहाच्या गोळ्यांचे डबे पडलेले असायचे, त्यांना तू हात लावला नाहीस. त्या पोरींच्या आहेत, म्हणालीस, आणि तळ्याच्या मेडिकलमधून स्वतःच्या घेतल्यास. गोळ्यांनी शौच काळी होते, हे तू शंभर बायकांना सांगितलेलं. त्यामुळे स्वतःची काळी झाली तेव्हा तुला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

आणि त्या रिपोर्टचं शेवटचं पान तू लॅमिनेट करून आणलंस. अंगणवाडीत फळांचे आणि भाज्यांचे तक्ते लॅमिनेट करायचीस, तसंच. कपाटाच्या काचेला आतून लावलंस. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचीस. मी पावसाळ्यात आले तेव्हा मलाही दाखवलंस, जसं काही ते मी पाठवलंच नव्हतं.

भातकापणीला मी दोन दिवस घरी आले होते. तू दर वर्षी बायकांच्या पुढे असायचीस. त्या वर्षी तू बांधावर बसून होतीस आणि पेंढ्या मोजायचं काम करत होतीस. खाचरातून वाटेवर चढताना मधे थांबलीस आणि माझा हात धरलास. त्या संध्याकाळी अंगणात आपलं भांडण झालं. मी म्हटलं, रक्त परत तपासलं ते आणखी खाली आलंय, गोळ्या घेऊनही. अलिबागला चल, दुर्बिणीने आतून तपासू. तू म्हणालीस, मला काही झालेलं नाही, आणि कपाटाकडे बोट केलंस. "तूच म्हणालीस ना नॉर्मल हाय म्हणून? का तेव्हा खोटं बोललीस?" मग मी माझी मागणी खाली आणली. म्हटलं, निदान शौचाची तपासणी करू, त्यात लपलेलं रक्त कळतं, मी डबी आणली आहे. तुला त्याची किळस आली आणि हसूही आलं. एसटीत बाजूच्या बाईने विचारलं डबीत काय आहे, तर काय सांगू, म्हणालीस. दादा हसला. मीही हसले, आणि भांडण तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी मी डबी तुझ्या मोरीच्या फळीवर ठेवून गेले. तू ती वापरली नाहीस. मी परत विचारलं नाही.

का नाही विचारलं? या प्रश्नाशी मी रोज भांडते. मला वाटतं, जोर केला असता तर मला सांगावं लागलं असतं, की ज्या कागदावर तू विसंबून आहेस तो तुला दिला तेव्हाच मला तो अपुरा आहे हे ठाऊक होतं. ते सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. तुला माझा अभिमान होता, आणि तो मला हवा होता.

माघात तुझं पोट फुगलं. दोन दिवस उलट्या, वाराही सरेना. दादा तुला माणगावला घेऊन गेला, तिथून अलिबाग, तिथून नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. आतडं गाठीने बंद झालं होतं. तातडीने ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटाला पिशवी लागली. गाठ काढली, पण यकृतावर डाग होते.

सर्जन तरुण होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिने मला केबिनमध्ये बसवून विचारलं, हिमोग्लोबिन पहिल्यांदा कधी कमी आलं. मी म्हटलं, अकरा महिन्यांपूर्वी. तिने ते लिहिलं. मी स्वतःच सांगितलं की मार्कर केला होता, नॉर्मल होता. ती रागावली नाही. ती म्हणाली, लवकरच्या टप्प्यात तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो, शोधायला तो उपयोगाचा नाही. मग म्हणाली, "पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी असेल तर आतडं बघायला हवं. साधा सीबीसीच सांगत होता तुम्हाला." माझं काम काय हे तिने विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी निलेशने, तुझ्या मुलाने, आधारकार्ड शोधायला तुझी पर्स रिकामी केली. आतल्या कप्प्यात चार घड्या केलेली एक चिठ्ठी होती. तळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची. वडिलांना आतड्याचा आजार, शौचाची सवय बदललेली, अलिबागला दुर्बीण तपासणीसाठी पाठवत आहे, असं स्पष्ट लिहिलेलं. तारीख बघितली. तू माझ्याकडे रक्त द्यायला आलीस, त्याच्या दहा दिवस आधीची.

म्हणजे तुला कुणीतरी वेळेवर नीट सांगितलं होतं. त्या बाईने तुझं सगळं ऐकून घेतलं होतं आणि योग्य ती वाट दाखवली होती. आणि तू ती चिठ्ठी घडी करून ठेवलीस आणि माझ्याकडे आलीस, कारण पुरुष डॉक्टर मागून नळी घालतो असं तुला वाडीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, आणि रक्ताच्या तपासणीला कपडे काढावे लागत नाहीत. वहिनी, पोरींना बाळंतपणासाठी दवाखान्यात ढकलत नेणारी तू. लाज सोड, जीव वाचव, हे तुझं वाक्य. ते तू स्वतःला का नाही सांगितलंस? मला ती चिठ्ठी दाखवली असतीस तर मी रबर बांधलंच नसतं. हे मी ठामपणे म्हणू शकते का, ते मलाही माहीत नाही. पण मला म्हणता यायला हवं होतं. तू ती संधी मला दिली नाहीस.

निलेशने चिठ्ठी माझ्याकडे दिली. आम्ही दोघांनी दादाला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर तू सात महिने होतीस. केमोच्या तीन फेऱ्या झाल्या, मग डॉक्टरांनीच थांबवल्या. मी बिनपगारी रजा काढून तुझ्याजवळ राहिले. पिशवी बदलायला तू आधी मला हात लावू देत नव्हतीस, मग देऊ लागलीस, आणि मग त्या वेळी गाणं म्हणू लागलीस, अंगणवाडीतलं बडबडगीत, मला हसवायला. ते दिवस चांगले होते हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सकाळी तुला पडवीत उन्हात बसवायचं, डोक्याला तेल लावायचं, केस उरलेच नव्हते तरी. वाडीतल्या गरोदर पोरी तिथेच यायच्या आणि तू खुर्चीत बसून त्यांच्या पापण्या बघायचीस.

त्या काळात मी किमान चार वेळा सुरुवात केली. वहिनी, त्या रिपोर्टचं, एवढं म्हटलं की तू काहीतरी वेगळं काढायचीस. जवळा आणलास का. निलेशचा फोन आला का. शेवटच्या वेळी मी हटले नाही. तुझ्या पायाला तेल लावत होते, आणि म्हणाले, मला एकदा बोलू दे. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू नको बोलूस ते. तू बोललीस की मलाही बोलायला लागंल."

चिठ्ठी मी बघितली आहे हे तुला कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. तू मला ऐकून न घेताच माफ करून टाकलंस, आणि मला तुला माफ करायची वेळच येऊ दिली नाहीस. लोक म्हणतात, किती शांतपणे गेली. मला ती शांतता नको होती. मला कडाडून एक भांडण हवं होतं, तू मला बोल लावावेस, मी तुला लावावेत, दादाने मधे पडावं. तसं भांडण झालं असतं तर आज मी पडवीतून परत आत येऊन बसू शकले असते.

आता निलेशचं सांगते. त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

त्या सर्जनबाईंनी तू असतानाच मला बजावलं होतं, आजोबांना झालं, आईला झालं, तर मुलाची दुर्बीण तपासणी आताच करून घ्या, चाळिशीची वाट बघू नका. निलेश चौतीस वर्षांचा आहे. उरणच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, तुला माहीतच आहे, बारा बारा तास उभा असतो. मी तुझ्या डोळ्यांदेखत त्याला दोनदा सांगितलं होतं. तो हो म्हणाला आणि गेला नाही.

तुझा विधी होऊन आठवडा झाला असेल. निलेश सकाळी बोर्लीला आला, उपाशीपोटी. लॅबमध्ये माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि शर्टाची बाही दुमडली. म्हणाला, "आत्या, तो स्कोप वगैरे नको यार. नवीन ब्लड टेस्ट आली आहे, डीएनएवाली. मी वाचलंय. तू सॅम्पल घे, बाहेर पाठव, एकदम फायनल समजेल."

त्याने हात टेबलावर ठेवला होता. तुझ्यासारखीच शीर आहे त्याची, ठळक, सरळ. मी रबर हातात घेतलं नाही. मी त्याला सांगितलं, अशा तपासण्या निघाल्या आहेत हे खरं आहे, आणि कदाचित उद्या त्या फार चांगल्याही होतील. पण ज्याच्या घरात दोघं गेले त्याच्यासाठी त्या नाहीत. आतड्यात बारीक कोंब असतात, पॉलिप म्हणतात, त्यांतून पुढे गाठ होते. ते कोंब रक्तात बऱ्याचदा दिसत नाहीत. दुर्बिणीला दिसतात, आणि दिसले की तिथल्या तिथे काढता येतात. तो म्हणाला, म्हणजे तू घेणार नाहीस? मी म्हटलं नाही. तो म्हणाला, आईचं घेतलंस ना.

लॅबमध्ये चार माणसं होती. सगळी ऐकत होती.

मी म्हटलं, "घेतलं. म्हणूनच तुझं घेत नाही."

तो उठला, बाही तशीच दुमडलेली, आणि गेला. गाडीत बसेपर्यंत त्याने मागे बघितलं नाही. मी पुढच्या पेशंटचं रक्त काढायला बसले आणि दोनदा शीर चुकली, तुझ्या दंडावर चुकली होती तशी. आमच्या सरांनी विचारलं काय झालं. मी त्यांना दारावरचा तो फलक काढायला सांगितला. ते म्हणाले बघू. दोन दिवस फलक तसाच होता. तिसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन तो स्वतः उतरवला आणि मागच्या खोलीत उलटा करून ठेवला. ते अजून माझ्याशी तुटक बोलतात. बोलू देत.

निलेशचा दहा दिवस फोन नव्हता. मी त्याला रोज एक मेसेज पाठवायचे, हॉस्पिटलचं नाव आणि तिथल्या डॉक्टरांची वेळ, दुसरं काही नाही. अकराव्या दिवशी त्याने उलट लिहिलं, बुधवार मिळालाय, तू येशील का.

मी आदल्या दुपारीच त्याच्याकडे गेले. पोट साफ व्हायचं ते औषध त्याने नाक धरून प्यायलं आणि मला शिव्या दिल्या. तुझ्यासारख्याच देतो, हसत हसत. सकाळी त्याला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले, आणि मला तुझा इतका राग आला, वहिनी, की काय सांगू. एवढंच होतं ते. एक दिवस औषध पिणं आणि अर्धा तास झोपणं. आतली डॉक्टर बाईच होती. तुझ्या त्या सगळ्या भीतीसाठी एवढंसं काहीतरी पुरलं असतं.

डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दोन पॉलिप होते, एक लहान, एक बऱ्यापैकी मोठा. दोन्ही काढले, तपासायला पाठवले. आठ दिवसांनी त्यांचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण मोठा होता तो चार-पाच वर्षं तसाच राहिला असता तर सांगता आलं नसतं, असं त्या म्हणाल्या. आता त्याला ठरावीक वर्षांनी तपासत राहायचं आहे. तो रिपोर्ट मी पहिल्या पानापासून वाचला, प्रत्येक ओळ, आणि मग परत एकदा.

लोक म्हणतील आईने जाता जाता पोराला वाचवलं. गुरुजी तर नक्की म्हणतील. मला ते मान्य नाही. तू त्याला वाचवायला गेली नव्हतीस. तू गेलीस कारण तू लाजलीस आणि मी घाबरले. तू इथे हवी होतीस, त्याच्यावर ओरडायला, त्या औषधाची चव कशी आहे म्हणून विचारायला.

त्या बुधवारी त्याला बाहेर आणलं तेव्हा तो अजून गुंगीत होता. परिचारिका म्हणाली, हाक मारत राहा. मी खाटेजवळ गेले, त्याच्या कपाळावर हात ठेवला, निलेश म्हणून हाक मारली. त्याने डोळे अर्धवट उघडले, माझ्याकडे बघितलं, पण मी त्याला नीट दिसत नव्हते बहुतेक.

"आई आली का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "मी आलेय."

त्याने मान हलवली आणि परत डोळे मिटले.